द्विशिक्षकी शाळेतली बालसभा आणि मंत्रिमंडळ : कागदावरून खाली कसं उतरवायचं?

खडूफळा

नमस्कार मंडळी. जिल्हा परिषदेच्या पहिली ते चौथीच्या शाळेबद्दल विचारतेय. शिक्षक दोन, पट ३८ (पहिली ९, दुसरी १०, तिसरी ८, चौथी ११). गाव ऊसतोडीच्या पट्ट्यातलं. निम्मी मुलं गावातली, निम्मी शेजारच्या तांड्यावरची.

शाळेत मंत्रिमंडळ आहे. मुख्यमंत्री, स्वच्छतामंत्री, आहारमंत्री, क्रीडामंत्री, सगळ्यांची नावं फलकावर आहेत. शपथविधी होतो, फोटो निघतात, आणि त्यानंतर मंत्र्यांना वर्षभर काम नसतं. बालसभेत चौथीतली तीन-चार मुलंच बोलतात. परिपाठ राष्ट्रगीतापासून पसायदानापर्यंत बिनचूक पार पडतो, पण पहिली-दुसरीची पोरं नुसती उभी असतात. दहा मूल्यांचा तक्ता भिंतीवर आहे आणि मुलांना तो पाठही आहे. संवेदनशीलता म्हणजे काय ते धडाधडा सांगतात आणि पाच मिनिटांनी नळावर धक्काबुक्की करतात.

नवा उपक्रम नकोय. आहे तेच खरं चालावं असं वाटतं. दोन शिक्षकांत चार वर्ग सांभाळून, रोज वेगळा वेळ न काढता, हे कसं बसवायचं? पालकांना फक्त १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीलाच शाळा दिसते, त्याबद्दलही सुचवा.

---

आडवाट

मॅडम, मूळ दुखणं तुम्हीच लिहिलंय: मंत्र्यांना काम नाही. काम नसलं की पद मिरवायलाच उरतं. म्हणून आधी कामं मोजा, पदं नंतर.

शाळेत रोज होणारी, मुलांच्या हातातली आणि केली नाहीत तर त्याच दिवशी अडणारी कामं कोणती? ३८ पटाच्या शाळेत साधारण पाच निघतात: पाणी आणि हात धुणं, आहाराची पंगत, परसबाग, पुस्तकं, मैदान आणि खेळाचं सामान. तेवढेच पाच गट करा. वर्गवार गट मुळीच नको, सगळे मिश्र. तुमच्या आकड्यांत प्रत्येक गटात चौथीची दोन, तिसरीची एक-दोन, दुसरीची दोन, पहिलीची दोन अशी सात-आठ मुलं बसतात. गटात चारही इयत्ता असल्या की मोठं मूल लहानाला दाखवतं आणि तुमचं अर्धं काम तिथंच होतं. बहुवर्ग शाळेला हा फायदा आयता आहे, मोठ्या शाळांना तो मुद्दाम जुळवावा लागतो.

काम लिहिताना ‘स्वच्छता राखणे’ असं लिहू नका. ‘साडेदहाला पिण्याच्या पाण्याची टाकी झाकलेली आहे का पाहणे, ओगराळं खुंटीला लावणे, साबणाची जाळी ओली करून टांगणे’ असं लिहा. एका गटाला चारपेक्षा जास्त कामं नकोत. पहिलीसाठी शेजारी चित्र काढा. हा कागद त्या-त्या जागी चिकटवायचा, मुख्याध्यापकांच्या खोलीत लावून उपयोग नाही.

गट चार आठवड्यांनी बदला. पाच गट, म्हणजे वीस आठवड्यांत प्रत्येक मूल सगळी कामं करून येतं.

आता बालसभा. शनिवारी सकाळची शाळा असते, त्यात ४० मिनिटं. गोलात खाली बसायचं, शिक्षकांनीही गोलातच. क्रम असा:

१. मागच्या सभेचे ठराव वाचणे आणि प्रत्येकापुढे ‘झालं’ किंवा ‘राहिलं’ एवढंच लिहिणे. ५ मिनिटं.
२. प्रत्येक गटाचं एक वाक्य. गटातलं सर्वांत लहान मूल बोलेल. ५ मिनिटं.
३. विषय. तीनच. शुक्रवारी दुपारपर्यंत फळ्याच्या कोपऱ्यात ज्याला हवा त्याने लिहायचा किंवा मोठ्या मुलाकडून लिहून घ्यायचा. २५ मिनिटं.
४. ठराव मोठ्याने वाचणे. ५ मिनिटं.

वहीत प्रत्येक ठरावाला चारच रकाने: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, झालं का. चौथीचं मूल लिहील, शुद्धलेखन तपासत बसू नका.

मोठीच मुलं बोलतात, कारण ती आधी बोलतात. त्यांचं ऐकून लहान तेच परत म्हणतात किंवा गप्प बसतात. क्रम उलटा करा: पहिलीपासून सुरू, चौथी शेवटी. हातात चेंडू असेल त्यानेच बोलायचं आणि बोलून झालं की पुढे द्यायचा. बोलायचं नसेल तर चेंडू नुसता पुढे दिला तरी चालतो. दोन-तीन सभांनंतर पहिलीची मुलं बोलायला लागतात, फक्त तोवर मधल्या शांततेत शिक्षकांनी तोंड घालायचं नाही. हीच सगळ्यांत अवघड अट आहे.

आणि एक, मुलांना खरोखर ठरवता येईल असंच सभेपुढे ठेवा. मधल्या सुट्टीत कोणता खेळ, पुस्तकं घरी किती दिवस न्यायची, वाफ्यात काय लावायचं, सहलीला डब्यात काय न्यायचं, हे त्यांचं. शाळेची वेळ, शिक्षकांच्या रजा, आहाराचा ठेका हे त्यांचं नाही, तसं सरळ सांगा. मुलांनी ठरवलं आणि आपण मोडलं, असं दोनदा झालं की सभा संपली समजा.

---

पाटीपेन्सिल

आडवाट यांच्याशी सहमत, एक गोष्ट सोडून. चार आठवडे परसबागेला पुरत नाहीत. मेथीची भाजी कापायला यायलाच पेरल्यापासून तीन ते चार आठवडे लागतात. ज्यांनी पेरलं त्यांनी काढलंच नाही, तर गटाला त्याची गोडी राहत नाही. गट सहा आठवडे ठेवा. वर्षात सगळी कामं फिरून झाली नाहीत, तर उरलेली पुढच्या वर्षी होतील. चौथीला तेवढं सवडीने आधी फिरवा.

निवडणुकीबद्दल लिहिते, कारण तिचा शाळाशाळांत नुसता सोहळा झालाय.

पहिलीची मुलं रुळल्याशिवाय निवडणूक नको. १५ जूनला शाळा सुरू होत असेल तर जुलैचा दुसरा आठवडा बरा. मुख्यमंत्री वगैरे नको, प्रत्येक गटाचे दोन प्रमुख: एक मुलगी, एक मुलगा. हे नियमातच ठेवा. नाहीतर क्रीडा मुलाकडे आणि स्वच्छता मुलीकडे, असं आपोआप होतं आणि तक्त्यावरची स्त्री-पुरुष समानता तक्त्यावरच राहते.

उमेदवारानं भाषण करायचं नाही, काम दाखवायचं. पाण्याच्या गटाला उभं राहायचं असेल तर टाकी कशी धुणार, ते सगळ्यांसमोर दोन मिनिटांत करून दाखव. चुरचुरीत बोलणाऱ्या मुलाचा फायदा यानं कमी होतो. सरपंचांचा नातू किंवा अंगणवाडीताईंची मुलगी म्हणून मिळणारी मतंही थोडी घटतात.

मतदान कागदी चिठ्ठीनेच घ्या. मोबाइलवर मतदान यंत्राची अ‍ॅप्स आहेत, मुलांना ती बटणं आवडतात, पण निकाल पडद्यावर येतो आणि तो कसा आला हे मुलांना दिसत नाही. प्राथमिकला मोजणी हाच खरा धडा आहे. साहित्य थोडंच लागतं: ३८ चिठ्ठ्या आणि खराब झाल्या तर पाच जादा, चिठ्ठीवर नावाशेजारी चिन्ह (घंटा, पाटी, छत्री, चेंडू, पतंग, कोणत्याही पक्षाशी मिळतंजुळतं चिन्ह टाळा), टेबलावर आडोशाला पुठ्ठ्याचं खोकं, वर चीर पाडलेला डबा, बोटाला लावायला स्केचपेन. मतदार यादी दुसरीच्या मुलांकडून करून घ्या, नावं वाचायचा सराव होतो.

काय बिघडतं ते आधीच सांगते. पहिलीची मुलं सगळ्याच चिन्हांवर फुली मारतात, म्हणून आदल्या दिवशी ‘आवडतं फळ कोणतं’ यावर रंगीत तालीम घ्या. बाद चिठ्ठी म्हणजे काय, ते तिथंच कळू द्या. हात वर करून मतदान अजिबात घेऊ नका, मुलं मित्राचा हात बघून हात वर करतात. मोजणी फळ्यावर पाच-पाचच्या जुडीने करा, चार उभ्या रेघा आणि पाचवी आडवी. शेवटी बेरीज ३८ येते का ते पहिलीच्या मुलांसमोर पडताळा. सारखी मतं पडली तर चिठ्ठी टाका. हरलेल्या मुलांना त्याच दिवशी गटात ठरलेलं काम मिळालं पाहिजे, नाहीतर ती दोन दिवस रुसून घरी राहतात.

---

सावली

वरची मांडणी उत्तम आहे. पण तीन ठिकाणी सांभाळून, नाहीतर चांगल्या हेतूनं वाईट घडतं.

पहिलं, स्वच्छतेचं काम. गट पाडताना चिठ्ठ्या टाका, शिक्षकांनी हाताने वाटू नका. कुणाच्या वाट्याला झाडू येतो आणि कुणाच्या वाट्याला पुस्तकं, हे गावातल्या जातीच्या उतरंडीप्रमाणे नकळत होतं आणि आपल्या लक्षातही येत नाही. सहा आठवड्यांनी वही उघडून तपासा: झाडण्याच्या कामावर कुणाची नावं पुन्हा पुन्हा आहेत? तिथं गावातली किती, तांड्यावरची किती, मुली किती? शौचालय मुलांकडून धुऊन घ्यायचंच नाही, कोणत्याही गटाकडून, कोणत्याही नावाखाली. मुलांनी पाणी टाकणं, दार लावणं, बादली भरलेली ठेवणं इथवरच. ३१ ते १०० पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेच्या निकषांत वर्षाला २५,००० रुपयांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान धरलेलं आहे आणि त्यातला किमान १० टक्के भाग स्वच्छतेवर खर्चायचा असतो. साबण, फिनेल, ब्रश आणि सफाईची मजुरी यांसाठी ती तरतूद आहे. शाळा व्यवस्थापन समितीत ठराव करून वापरा.

दुसरं, शिक्षा. गटप्रमुखांच्या हातात ‘बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिही’ हे काम कधीच देऊ नका. त्या मुलाकडे ती सत्ता होते, बाकीची मुलं त्याला पेन्सिली देऊन नावं पुसून घेतात. दंड, उठाबशा, बाहेर उभं करणं असे ठराव मुलं सभेत हमखास आणतात आणि उत्साहाने एकमताने मंजूर करतात. शिक्षकांनी तिथे थांबवायचं आणि कारणही सांगायचं: शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक त्रास देता येत नाही, आणि हे सभेलाही लागू आहे. त्याऐवजी ‘भरपाई काय’ असं विचारा. पाणी सांडलं तर पुसायचं, पुस्तक फाटलं तर चिकटवायचं, कुणाला लागलं तर त्याचं दप्तर दोन दिवस उचलायचं. भरपाई चुकीशी जोडलेली आणि त्याच दिवशी संपणारी हवी.

तिसरं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. सभेचे विषय फळ्यावर आणि तक्रारपेटी वेगळी. तक्रारपेटी मोठ्यांनीच उघडायची, मुलांसमोर वाचायची नाही. कुणी अंगाला हात लावल्याची, घरी मारहाण होत असल्याची चिठ्ठी निघाली, तर ती बालसभेत चर्चेला कधीही येता कामा नये. ती मुख्याध्यापकांनी नियमाप्रमाणे त्याच दिवशी पुढे न्यायची असते. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक पेटीवरच ठळक लिहा आणि पहिलीच्या मुलांकडूनही तो पाठ करून घ्या. सभेत एखादं मूल असं काही बोलू लागलं, तर ‘हे आपण दोघं नंतर बोलू’ म्हणून चेंडू पुढे द्यायचा आणि सभा संपल्याबरोबर त्या मुलाजवळ बसायचं. उद्यावर ढकलायचं नाही.

---

खडूफळा

खूप उपयोगी. चिठ्ठ्या टाकण्याचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता. आणखी दोन शंका. प्रामाणिकपणाचं दुकान (विकणारं कुणी नाही, मुलांनी वस्तू घ्यायची आणि पैसे स्वतःच ठेवायचे) सुरू करावं का? ऐकलंय की महिन्याभरात पैसे कमी येतात आणि बंद पडतं. आणि पंगतीची वेळ: हात धुण्यात रेटारेटी, मग भात थंड, मग ताटात टाकलेलं अन्न.

---

मोजमाप

दुकान जरूर सुरू करा, पण त्यातून प्रामाणिकपणाची परीक्षा घ्यायची नाही, सराव द्यायचा. हे पक्कं असेल तर तूट आली म्हणून कुणी दुकान बंद करत नाही.

भांडवल ३०० रुपये पुरे. त्यातले ५५ रुपये सुट्ट्यांचे: एकची १० नाणी, दोनची १०, पाचची ५. उरलेल्या २४५ चा माल. वस्तू चार-पाचच ठेवा आणि विक्रीच्या किमती ५, १०, २० अशाच. तीन आणि सात रुपयांच्या वस्तू आल्या की सुट्ट्यांचा गोंधळ सुरू होतो. तालुक्याला घाऊक दरात घ्या आणि छापील किमतीच्या आत विका. मधला थोडा फरक तूट भरायला राहतो.

दुकान म्हणजे वर्गाच्या दाराशी एक टेबल, किमतींचा तक्ता, पैशांचा उघडा डबा आणि एक वही. डबा बंद ठेवू नका, सुट्टे घ्यायचे असतात. गल्ल्यावर मूल बसवू नका, मग ते साधं दुकान झालं.

दर शुक्रवारी मधल्या सुट्टीनंतर हिशेब, चौथीच्या गणिताच्या तासात. माल मोजायचा, गेल्या आठवड्याच्या आकड्यातून वजा करायचा, किमतीने गुणायचं. उदाहरणार्थ पेन्सिली २० होत्या, १३ उरल्या, म्हणजे ७ गेल्या, ३५ रुपये. खोडरबर १० पैकी ८ उरले, १० रुपये. वीसची वही एक गेली, २० रुपये. एकूण ६५. डब्यात ५५ अधिक ६५ मिळून १२० हवेत. निघाले ११२. फळ्यावर ‘आठ रुपये कमी’ एवढंच लिहायचं. ‘कोणी घेतले’ हा प्रश्न कुणीही, शिक्षकांनीही, विचारायचा नाही. ‘कशामुळे कमी आले असतील’ असं विचारायचं.

कारणं बहुतेक साधी असतात. एक आणि दोनची नवी नाणी दिसायला सारखी, पहिलीचं मूल दोनऐवजी एक टाकतं. त्यासाठी टेबलावर दोन्ही नाणी चिकटपट्टीने लावून खाली किंमत लिहा. दुसरं कारण म्हणजे ‘उद्या देतो’ म्हणून नेलेलं. त्यासाठी उधारीची वही. ज्याचं त्याने लिहायचं, मोठ्याने वाचायचं नाही. तिसरं कारण खरंच पैसे नसणं, आणि इथं दुकानाच्या आधी एक बरणी हवी: पेन्सिलींचे तुकडे, खोडरबर, अर्ध्या वह्या, ज्याला हवं त्याने न विचारता घ्यायचं. बरणी नसेल तर दुकान सुरूच करू नका. ज्याच्याकडे पाच रुपयेच नाहीत त्याच्यासमोर नव्या पेन्सिलींचा ढीग बिनपहाऱ्याचा ठेवणं अन्याय आहे.

तूट सलग तीन आठवडे वाढत गेली, तर माल निम्म्यावर आणा आणि विषय सभेत न्या. खाऊ मात्र दुकानात कधीच ठेवू नका. गोळ्या-चॉकलेटं ठेवली की हिशेब कधीच जुळत नाही.

---

भाकरतुकडा

पंगतीचं बघू. रेटारेटीचं कारण वेळेच्या गणितात आहे. ३८ मुलं आणि चार नळ धरले तर दहा खेपा. साबण लावून २० सेकंद चोळणं आणि खळखळून धुणं मिळून एका खेपेला ४० सेकंद. दहा खेपांना जवळजवळ सात मिनिटं लागतात. घंटा झाली की लगेच वाढायला सुरुवात होत असेल तर मागची मुलं हात न धुता बसणारच. घंटा दहा मिनिटं आधी द्या, आणि गटवार सोडा. पहिला जाणारा गट रोज बदलायचा.

साबण वडीचाच घ्या, पण सुटी वडी ठेवली तर तीन दिवसांत मातीत. जुन्या मोज्यात किंवा कांद्याच्या जाळीत घालून नळाच्या उंचीवर बांधा. नळ पहिलीच्या मुलाच्या कमरेच्या वर नको. उंच नळाला पाणी कोपरापर्यंत ओघळतं, बाह्या भिजतात आणि थंडीत मुलं टाळाटाळ करतात.

शिधा काढणं हे आहार गटाचं फार चांगलं काम आहे. पहिली ते पाचवीला माणशी १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी, ५ ग्रॅम तेल असं प्रमाण आहे, ज्यातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत अशी अपेक्षा. हजेरी झाली की चौथीच्या मुलांनी त्या दिवसाचा आकडा काढून स्वयंपाकीताईंना चिठ्ठी द्यायची. ३४ हजर असतील तर तांदूळ ३ किलो ४०० ग्रॅम, डाळ ६८० ग्रॅम, भाजी १ किलो ७०० ग्रॅम, तेल १७० ग्रॅम. वजन ताईच करतील, मुलं काट्यावरचा आकडा वाचतील. सही-शिक्क्याची नोंद मात्र शिक्षकांचीच.

चुलीजवळ, गॅसजवळ मुलं नकोत. गरम वरणाचं पातेलं, भाताचं घमेलं मोठ्यांनीच आणायचं. मुलांनी ताटं मांडायची, पाण्याचे पेले भरायचे, मीठ-लिंबू फिरवायचं.

अन्न टाकलं जातं ते मुलं माजोरी असतात म्हणून नाही. पहिलीच्या आणि चौथीच्या ताटात एकच डाव पडतो म्हणून. पहिलीला अर्धा डाव वाढा आणि ‘हवं तेवढं परत मिळेल’ हे रोज खरं करून दाखवा. परत मिळायची खात्री नसली की मूल आधीच जास्त मागून घेतं. उरलेलं एका बादलीत, रोज ताणकाट्याने वजन, फळ्यावर ग्रॅम. कोणाच्या ताटातलं ते बघायचं नाही, बादलीचंच वजन. आठवड्यात कोणत्या भाजीला वजन वाढतं ते मुलांच्याच लक्षात येतं आणि ताईंनाही ते ठोस सांगता येतं.

पंगतीत बसायची जागा गटाप्रमाणे द्या. मोकळं सोडलं तर तांड्यावरची मुलं एका टोकाला आणि गावातली दुसऱ्या टोकाला बसतात. पालक कधी जेवायच्या वेळी आले तर त्यांनाही याच पंगतीत बसवा, खुर्ची देऊ नका.

---

अमावस्या

पालकांविषयी. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात, हे कायद्यात आहेच. कागदावर त्या असतातही. अडतं ते वेळेपाशी. सकाळी अकराला बैठक ठेवली की मजुरीवर जाणारी आई येऊच शकत नाही, आणि मग सह्या घरी जाऊन घेतल्या जातात. बऱ्याच गावांत अमावस्येला औत जुंपत नाहीत, माणसं घरी असतात. त्या दिवशी संध्याकाळची बैठक ठेवून बघा. बाजाराचा दिवस मात्र टाळा.

बैठक तासाभराची, आणि पहिली पंधरा मिनिटं मुलांची. बालसभेची ठराववही मुलांनी वाचायची, मग समितीने त्यातलं एक तरी काम उचलायचं. समितीत मुलांचे दोन प्रतिनिधीही बसतात, त्यांना नुसतं सतरंजीवर बसवून ठेवू नका. ‘नळाची उंची कमी करायची आहे’ असा मुलांचा ठराव असेल तर पालकांतलाच गवंडी उठून म्हणतो, रविवारी येतो. देणगी मागितली की पालक मागे सरतात. काम मागितलं की पुढे येतात, आणि ते काम त्यांच्या हातचं असतं: गवंडीकाम, सुतारकाम, वाफे घालणं, गोधडी शिवणं, गोष्ट सांगणं. महिन्यातून एका शनिवारी एका पालकाला तासभर बोलवा, भाषण करायला नव्हे, काम करून दाखवायला. दोरी वळणं, बियाणं निवडणं, दुधाची फॅट बघणं. मुलं प्रश्न विचारतील. श्रमप्रतिष्ठेचा धडा यापेक्षा वेगळा द्यावा लागत नाही.

दिवाळीनंतर तुमच्याकडे आई-बाप तोडीला जातील. तेव्हा बैठकीला आजी-आजोबा येणार हे गृहीत धरा. त्यांना हजेरी, शिष्यवृत्ती यांची कागदपत्रं वाचून दाखवावी लागतील. त्यांच्यासाठी बैठक दुपारी चारला बरी, अंधारात तांड्यावरून चालत येणं त्यांना जमत नाही.

---

पाणलोट

तोडीचा मुद्दा निघालाय म्हणून जोडतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात काही मुलं फडावर जातात, काही हंगामी वसतिगृहाच्या सोयीमुळे गावात राहतात. गट तेव्हा फुटतात. म्हणून पहिली सहा आठवड्यांची फेरी जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंत, दुसरी दिवाळीच्या सुट्टीपर्यंत, आणि सुट्टीनंतर चिठ्ठ्या टाकून नवे गट. जाणाऱ्या मुलाचं काम कुणी घ्यायचं हे जाण्याआधीच्या सभेत ठरवा आणि त्या मुलानेच ते नव्याला शिकवून जायचं. परत येईल तेव्हा त्याचं नाव यादीत असलं पाहिजे, पुसायचं नाही.

तांड्यावरच्या पहिलीच्या मुलांना सभेत गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, बोलू द्या. चौथीतलं तांड्यावरचं मूल मराठीत सांगेल. मराठीतच बोल म्हटलं की ती डिसेंबरपर्यंत गप्प राहतात आणि आपण त्यांना लाजाळू म्हणतो.

परिपाठाबद्दल फारसं कुणी लिहिलं नाही. राष्ट्रगीत, राज्यगीत, प्रतिज्ञा, उद्देशिका, प्रार्थना हे तसंच ठेवा. वेळ मोकळा करायचा तो सुविचार, दिनविशेष, वर्तमानपत्रातल्या बातम्या यांच्यातून. मुंबई-दिल्लीच्या बातम्या वाचताना पहिलीचं मूल कंटाळणारच. त्याऐवजी गावाची, शाळेची, मोजलेली बातमी. पावसाळ्यात पाऊस मोजा. सरळ भिंतीची दोन लिटरची बाटली वरून कापा, वरचा भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवा. तळ ओबडधोबड असतो, म्हणून खडे घालून, सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत पाणी भरा आणि तिथं शून्याची खूण करा. बाहेरून पट्टी चिकटवा, शून्य खुणेला जुळवून. झाडापासून आणि पत्र्याच्या वळचणीपासून लांब, वाऱ्याने पडू नये म्हणून विटांच्या मध्ये ठेवा. रोज शाळा भरताना एकाच वेळी वाचायचं, मग पाणी पुन्हा शून्यावर आणायचं. शून्यावर आणायला विसरलं तर दुसऱ्या दिवशीचा आकडा चुकतो आणि मुलांना कारण शोधावं लागतं, तेही होऊ द्या.

पहिली सांगेल, पाऊस पडला की नाही. दुसरी मिलिमीटर वाचेल. तिसरी कालच्याशी वजाबाकी करेल. चौथीसाठी पुढचं: एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचं छप्पर ५० चौरस मीटरचं असेल आणि १० मिलिमीटर पाऊस झाला, तर पत्र्यावरून ५०० लिटर वाहून गेलं. हे गणित दोन-तीनदा झालं की छपराखाली टाकी का नाही, हा विषय शुक्रवारी फळ्याच्या कोपऱ्यात येतोच. तेव्हा समितीच्या पुढच्या बैठकीत ठराववहीबरोबर पावसाचे आकडेही वाचायला ठेवा. टाकीसाठी ग्रामपंचायतीला अर्ज लिहायचा झाला तर मसुदा चौथीच्या मुलांना लिहू द्या, आकडे त्यांच्याकडेच आहेत.

---

खडूफळा

सगळ्यांचे आभार. ठरवलंय ते असं: पाच गट, सहा आठवडे, चिठ्ठ्या टाकून. पहिली सभा येत्या शनिवारी, निवडणूक त्यापुढच्या आठवड्यात कागदी चिठ्ठीने. बरणी लगेच ठेवते, दुकान ऑगस्टमध्ये. पंगतीची घंटा सोमवारपासून दहा मिनिटं आधी. दुसऱ्या सरांनी पाण्याच्या आणि परसबागेच्या गटाकडे बघायचं कबूल केलंय, उरलेले तीन माझ्याकडे.

सावली, तपासणीची यादी (झाडण्याचं काम कुणाकडे किती वेळा) मी सभेच्या वहीत शेवटच्या पानावर ठेवली तर मुलं ती वाचतील. ती वेगळ्या वहीत असावी का?

---

सावली

हो, वेगळ्या वहीत, आणि ती तुम्हा दोघा शिक्षकांकडेच. त्यात गाव, तांडा, मुलगी, मुलगा असे रकाने असतील, ते मुलांच्या डोळ्यांपुढे येऊ नयेत. त्यांना फक्त चिठ्ठ्यांचा डबा दिसू दे. चिठ्ठ्या पुन्हा पुन्हा एकीकडेच झुकल्या, तर पुढच्या फेरीला ज्यांनी झाडलोट केलेली नाही त्यांचीच नावं आधी डब्यात घाला. तसा नियम सभेत आधीच करून घ्या, म्हणजे तो कुणा एकासाठी केला असं वाटत नाही.